कौल लावलेली लेव्हल

नाही, हसा तुम्ही, हसा... पण मला एक सांगा, ज्या मुलीपायी माणसाने भात लावणीपासून आंब्याला मोहर येईपर्यंत डोळे फोडून घेतले, तिच्याच साखरपुड्याचा बॅनर त्याच माणसाने छापायचा, आणि वर तिच्या वडलांनी, अण्णांनी, काउंटरवर कोपर टेकून म्हणायचं, "उन्मेष, तिचा चेहरा जरा उजळ कर हो," हा कुठला न्याय? अहो, मी त्या चेहऱ्याकडे तोवर कधी नीट बघितलेलं नव्हतं. बघायला गेलो की मान आपोआप खाली जायची. आणि आता तोच चेहरा कॉम्प्युटरवर एवढा मोठा करून, माउस घेऊन, त्याच्यावरचे डाग पुसत बसायचं. डाग तरी कुठे होते म्हणा. दोन तास नुसता बघत बसलो आणि अण्णांना सांगितलं, खूप काम होतं.

तर तुम्हाला सांगतो, रत्नागिरीत मारुती मंदिरच्या बाजूला आमचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालकांचं, पण मालक येतात फक्त कुलूप बघायला, बसतो मीच. वाढदिवस, वास्तुशांत, निवडणूक, निधन... तालुक्यात कुणाचं काय झालं हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळतं. सावनी आली ती अशीच, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे ती, 'रविवारी दवाखाना बंद' असा बोर्ड करायला आली. मशीन चालू केलं, ते आपलं घर्र टक, घर्र टक करत डावीकडून उजवीकडे चाललंय, आणि ही स्टुलावर बसून फोनवर खेळतेय. काय खेळतेय? तर एक ठोकळा. चौकोनी ठोकळा आपोआप पुढे पळतो, गाणं चालू असतं, आणि गाण्याच्या ठोक्यावर बोट मारलं की तो उडी मारतो. ठोका चुकला की काट्यावर पडतो, मरतो, आणि सगळं पहिल्यापासून. बस. एवढाच खेळ. दुसरं कुणी असतं तर मेल्यावर वैतागलं असतं, फोन आपटला असता. ही नाही. ठोकळा मेला की शांतपणे म्हणते, "परत." पुन्हा मेला, "परत." मी बोर्डाकडे बघायचं सोडून हिच्या अंगठ्यांकडे बघत बसलो आणि बोर्डावर छापून आलं ते निम्मंच. मग दुसरा छापावा लागला. म्हणजे ती आणखी थोडा वेळ बसली. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

मग ती यायला लागली. दवाखाना सुटला की यायची, स्टूल ओढायची, एक लेव्हल ती, एक लेव्हल मी. दोन वर्षं हो. दोन वर्षांत आमच्यात जे बोलणं झालं त्यातलं निम्मं 'परत' असेल. तुम्ही म्हणाल, एवढा बडबडतोस, मग तिच्याशी का नाही बोललास? हेच तर! तुमच्यासमोर काय हो, तुमच्यासमोर मी सकाळपर्यंत बोलेन. तिच्यासमोर आतून एक निघतं आणि तोंडातून दुसरंच पडतं. एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूंच्या खाली बसलो होतो, सगळा धीर गोळा केला, म्हटलं, "सावनी, मला तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "बोल." फोन खाली ठेवला तिने. फोन! आणि मी म्हणालो, "दवाखान्याच्या बोर्डाला लॅमिनेशन मी फुकट करून देतो."

तेव्हाच ठरवलं, आपल्याला तोंडाने जमणार नाही. आता त्या खेळात काय आहे, आपली स्वतःची लेव्हल बनवता येते. गाणं आपलं, काटे आपले, चित्रं आपली. म्हटलं, हेच. चिठ्ठी नको, फोन नको, मधलं माणूस नको. लेव्हल बनवायची, फुलांची, एकेक फूल म्हणजे मनातली एकेक गोष्ट, आणि तिने ती खेळत खेळत शेवटापर्यंत यायचं. बोलायचं काम फुलांनी करायचं.

मग बसलो इंटरनेटवर, फुलांचे अर्थ शोधायला. लाल गुलाब म्हणजे प्रेम. बरं. पिवळा गुलाब म्हणजे मैत्री, आणि काही देशांत मत्सर. म्हणजे पाठवायचा एक आणि भांडणं दोन. लॅव्हेंडर म्हणजे निष्ठा. अहो, आमच्याकडे लॅव्हेंडर म्हणजे फिनेल! आमच्या परसात जे उगवतं त्याचा अर्थ कुणीच लिहिलेला नाही. म्हणून आईला विचारलं. आई वळचणीखाली वेणी करत बसली होती.

"आई, अबोलीचा अर्थ काय गं?"

"वेणी."

"तसा नाही, मनातला अर्थ."

"मनात कसला अर्थ, मेल्या, डोक्यात माळतात ती." मग वर बघून म्हणाली, "काय करतंस रे त्या फोनात दिवसभर? फुलांचं एवढं वेड लागलंय तर सकाळी उठून देवाला चार काढ."

म्हटलं, राहू दे, आपले अर्थ आपणच लावू. पहिलं जास्वंद, लालभडक, गणपतीचं म्हणून सुरुवातीला. मग तगर. तगरीला कुणी विचारत नाही, पण ती रोज फुलते, म्हणून तिथे साध्या उड्या, एकसारख्या, रोजच्या. म्हणजे काय, तर तू रोज येतेस ते. मग सुरंगी. सुरंगीचे गजरे आपल्याकडे बाजारात येतात ते किती दिवस? बघता बघता संपतात. म्हणून तिथे गाणं धाडकन जोरात, धावपळ, की बाई गं, वेळ थोडा आहे. मग बकूळ, वाळली तरी वास जात नाही ती, तर तिची बारकी फुलं वरून पडतायत आणि एकावरही पाय न देता पलीकडे जायचं. आणि बकुळीच्या आधी अबोली. अबोलीला मी काय केलं माहितेय? गाणंच बंद केलं. एकदम शांत. ठोकळा पळतोय, काटे आहेत, पण ठोका ऐकूच येत नाही, तो आपण आत मोजायचा आणि उडी मारायची. जे बोललं जात नाही तेही चालूच असतं, असा अर्थ. मला स्वतःलाच एवढं भरून आलं की मी समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणालो, "जरा थांबा." त्याला त्याच्या साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर हवा होता.

आणि गाणं? गाणं मशीनचं. ते घर्र टक, घर्र टक फोनवर रेकॉर्ड केलं, त्याच्यावर पेटीचे सूर बसवले. कारण आमचं जे काय होतं ते त्याच आवाजात झालं होतं ना सगळं.

आता शेवट. शेवटी विचारायचं कसं? तर तुम्हाला कौल माहितेय ना? आपल्या गावांतून लावतात तो. हिचं गाव हातखंब्याच्या पुढे, आत, अण्णा देवळाचे मानकरी, आणि त्यांच्या घरी कौल घेतल्याशिवाय काही होत नाही. गुरव काळ्या दगडाच्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडचं आधी पडलं, देवाचा होकार. डावीकडचं पडलं, नको. हिच्या घरात फ्रीज आला तोही कौल लावून! डावीकडचं पडलं म्हणून वर्षभर थांबले होते. सावनीच सांगायची, हसत हसत, पण सांगताना आवाज खाली यायचा तिचा. मानते ती. म्हणून मी शेवटी तोच देव काढला. काळा दगड, रुप्याचे डोळे, दोन खांद्यांवर दोन पांढरी फुलं, आणि खाली गाऱ्हाणं. 'बा देवा महाराजा, एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, दोघं रोज एकत्र खेळतात. आता हे जन्मभराचं करायचं का? करायचं असेल तर उजवं फूल पाड. नसेल तर डावं.' ज्या फुलावर बोट ठेवेल ते पडणार आणि तसं उत्तर खाली उमटणार. सांगा, याच्यापेक्षा सभ्य विचारणं असतं का कुठे?

पण त्या खेळाचा एक नियम आहे. लेव्हल बनवणाऱ्याने ती आधी स्वतः पार करायची, एकदाही न मरता, तरच ती बाहेर जाते. आणि मी ती तिच्या हाताच्या मापाने बनवलेली! माझे अंगठे म्हणजे काय, आंबे पिळायचे अंगठे. जास्वंदीत मेलो, तगरीत मेलो, आणि अबोलीत तर किती वेळा मेलो विचारू नका. आपणच बनवलेली शांतता आपल्याला पार होईना. आई म्हणायची, "जेवतंस का मरतंस?" म्हटलं, मरतोय. शेवटी एका दुपारी मशीनवर कुणाच्या तरी वास्तुशांतीचा बॅनर चालू होता, मी आपला खेळतोय, अबोली आली, गाणं बंद झालं... आणि मागून मशीन, घर्र टक, घर्र टक. अहो, गाणं त्याचंच ना! ठोका मागून मिळाला, मी डोळे अर्धे मिटून उड्या मारल्या आणि पलीकडे. बकुळीवरूनही गेलो. पार.

आणि इथे, इथेच तो रितेश आला. शेजारी त्याचं मोबाइलचं दुकान. दोन वर्षं मुंबईत कुठल्या कंपनीत होता, तेव्हापासून सगळ्या माणसांना 'युजर' म्हणतो. स्वतःच्या आजीलासुद्धा. म्हणाला, "दाखव." लेव्हल नाही, थेट शेवट बघितला त्याने. बोट ठेवलं आणि म्हणाला, "भाई, बग आहे. उजवं दाबलं तर नकार येतोय."

म्हटलं, "अरे, ते देवाचं डावं आहे. देव आपल्याकडे तोंड करून बसलाय ना. त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला येतो. कौल देवाच्या उजव्याने मोजतात."

"भाई, युजरला काय माहीत देवाचा हात कुठला? स्क्रीनवर उजवीकडे ते उजवं. युजरला कन्फ्यूज नको करू. एवढी मेहनत केलीस, आणि पोरगी हो म्हणायला गेली नि नाही झालं तर?"

पोरगी हो म्हणायला गेली नि नाही झालं तर... घाबरलो हो मी. आणि बदललं. होकार उचलून स्क्रीनच्या उजवीकडे ठेवला, नकार डावीकडे. मग बदल केला म्हणून लेव्हल पुन्हा पार करावी लागली, ती केली, मशीनवर नुसता कोरा फ्लेक्स फिरवत ठेवून केली, आणि दिली पाठवून. सोबत लिहिलं, 'शेवटपर्यंत खेळ. शेवटी जे करशील ते मनापासून कर.' सल्ला देणारा मुंबईचा शिकलेला माणूस, मी ऐकलं. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज. 'खेळले. कळलं.'

एवढंच. पुढे चित्र नाही, बदाम नाही, काही नाही. खेळले, कळलं. तुम्हीच सांगा, ज्या मुलीला होय म्हणायचंय ती असं लिहील? कळलं! वीजबिल आल्यासारखं. आणि त्या दिवसापासून ती दुकानात यायची बंद. स्टूल तसंच. मी समजलो. नकाराच्या फुलाखाली मीच लिहून ठेवलं होतं ना, 'आपली मैत्री आहे तशीच राहू दे. बाकी काही मनात आणू नको. हा विषय पुन्हा निघणार नाही.' तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लिहिलं होतं हो. म्हटलं, तिने डावं फूल पाडलं, हे वाचलं, आता आपण शब्दाला जागायचं. विषय काढायचा नाही. मी फोन केला नाही, मेसेज केला नाही, दवाखान्यावरून जायचं तर मी जेल रोडने वळसा घालून जायचो. दात दुखायला लागला तरी गेलो नाही. लवंग धरून बसलो. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

रडलो. लाज कसली त्यात. शटर अर्धं खाली ओढून, मशीन चालू करून रडलो, म्हणजे आवाज जायला नको. ते साहेबांच्या वाढदिवसाचं गिऱ्हाईक परत आलं होतं, त्याचा बॅनर केला, आणि तो चौकात लागल्यावर कुणीतरी वाचला, खाली मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलेलं. साहेब स्वतः आले हो दुकानात. जिवंत. मी त्यांच्याकडे बघून पुन्हा रडायला लागलो, त्यांना वाटलं पश्चात्ताप झालाय, पाठीवरून हात फिरवून गेले.

आणि मग अण्णा आले. सावनीचे अण्णा. हातात नारळाची पिशवी, चेहऱ्यावर आनंद. "उन्मेष, बॅनर करायचाय. सावनीचं जमलं. मुलगा कोल्हापूरचा, बँकेत आहे, अजिंक्य नाव. पाहुणे तिकडून गाड्या करून येणार, तेव्हा हातखंब्याला तिठ्यावरच लावायचा, रस्ते फुटतात तिथे चुकायला नकोत. फुलं मोठी काढ. गुलाब, चांगले लाल."

माझ्या तोंडून निघालं, "कौल घेतलात?"

"घेतला म्हणजे? दोनदा लावला. दोन्ही वेळा देवाने उजवा दिलान."

म्हणजे मी इकडे काळ्या दगडाचा देव काढून ठेवतोय, आणि खरा देव तिकडे कोल्हापूरच्या बाजूने! काढले गुलाब. लाल, मोठे, त्या अजिंक्यच्या खांद्यापासून तिच्या खांद्यापर्यंत. एक पिवळा घालावासा वाटला, नाही घातला.

छापायच्या दिवशी सगळे आले. अण्णा, मागे सावनी, आणि तो अजिंक्य. सावनीने आत येताना माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही, आणि स्टुलावर नेमका जाऊन बसला अजिंक्य. मी मशीन चालू केलं. घर्र टक, घर्र टक, वरून तिच्या केसांपासून छापायला सुरुवात. आणि हा माणूस, तुम्हाला सांगतो, मला याचा राग यायला हवा होता, पण येईल तर शपथ. हसरा, मोकळा, आल्या आल्या माझ्या पाठीत थाप मारून म्हणतो, "काय भावा, सावनी सांगत होती, तुम्ही त्या गेमच्या लेव्हली बनवता म्हणे? नाद खुळा! दाखवा की."

म्हटलं, "नाही, ते असंच... जुनं आहे."

अण्णा म्हणाले, "दे रे दे. जावई आहे आमचा."

काउंटरवर माझा फोन पडलेला. त्याने उचलला, पहिलीच लेव्हल तीच. सरावासाठी मेलं तिथूनच पुन्हा सुरू करता येतं तसं लावून दिलं मी, म्हटलं, दोन मिनिटांत कंटाळून ठेवेल. तो कुठला ठेवतोय! मेला की स्वतःच हसतो, पुन्हा सुरू. जास्वंद गेलं. तगर गेली. सुरंगीत धडपडला, गेला पुढे. अबोली आली, गाणं बंद झालं, म्हटलं, आता अडकला, इथे सगळे अडकतात. पण मागे मशीन चालू होतं ना, घर्र टक, घर्र टक... तिचे डोळे छापत होतं तेव्हा ते. त्याच्या मांडीवर आपोआप ठेका धरला गेला आणि तो गेला अबोलीतून सरळ, मला पार व्हायला महिना लागला ती शांतता या माणसाने गुणगुणत पार केली. तिच्याच बॅनरच्या ठोक्यावर. आता यात... जाऊ दे.

बकूळ ओलांडली आणि देव आला. सावनी तोपर्यंत शोकेसमधल्या लग्नपत्रिका बघत होती, बघत कसली, एकच पत्रिका उलटसुलट करत होती. अजिंक्य मोठ्याने वाचायला लागला, आपल्या कोल्हापुरी आवाजात, "बा देवा महाराजा, एक मुलगा हाय, एक मुलगी हाय... आयला, भारीच! जन्मभराचं करायचं का? करायचं की! उजवं फूल." आणि त्याने स्क्रीनवर उजवीकडे बोट ठेवलं. सरळ माणूस. उजवं म्हणजे उजवं.

फूल पडलं. आणि मग जे माझ्याशिवाय कुणी कधी बघितलं नव्हतं ते सुरू झालं. सगळी फुलं वरून यायला लागली, जास्वंद, तगर, सुरंगी, पुन्हा गाणं, आणि खाली अक्षरं, 'हो म्हणालीस! मग आता एवढं आणखी कर. फोन लाव. मी बोलतो. या वेळी नीट बोलतो.'

"भावा," अजिंक्य म्हणाला, "कुणासाठी केलं होतंस रे हे? नशीबवान पोरगी."

सावनी त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने ती अक्षरं वाचली, एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग अगदी हळू, म्हणजे मशीनच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं, म्हणाली, "मी देवाचं उजवं धरलं होतं."

"म्हणजे?" अजिंक्य.

"काही नाही. आमच्याकडची रीत आहे."

आमच्याकडची, म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा माझी मान खाली गेली नाही. मी बघितलं. ती मुलगी हो म्हणाली होती. माझ्या देवापुढे, आपल्या घरच्या रीतीने, देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल पाडून मनापासून हो म्हणाली होती, आणि मी तिला उत्तर काय दिलं होतं? बाकी काही मनात आणू नको. मला वाटलं, आता बोलायचं, आत्ताच, अण्णा असोत, जावई असो, उद्याचे पाहुणे असोत, एवढा एक ठोका चुकवायचा नाही. मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो...

"अण्णा, रिंगा चार मारू की सहा?"

अण्णा म्हणाले, "सहा मार. तिठ्यावर वारा फार."

मारल्या. सहा. बॅनरच्या कडांना पितळी रिंगा असतात ना, दोरी ओवायला, त्या. ठक, ठक, ठक. मग अण्णा आणि अजिंक्य बॅनरची गुंडाळी घेऊन गाडीकडे गेले आणि ती क्षणभर मागे राहिली.

"मला वाटलं, दोन्ही फुलांखाली तू तेच लिहिलंयस," ती म्हणाली. "माझी गंमत केलीस. हो म्हणायला लावलंस आणि वर हसलास. म्हणून मी तो खेळच काढून टाकला फोनमधून."

"गंमत नव्हती," मी म्हणालो. आयुष्यात तिच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य. दोन शब्दांचं.

"एक फोन करायचास."

"तू तरी करायचास."

"हो," ती म्हणाली. "मी तरी करायचा."

बाहेरून अण्णांनी हाक मारली, "चल गो." ती गेली. आणि इथे मी तुम्हाला विचारत नाही माझं काय चुकलं ते. इथे नाही विचारत.

मी शटर ओढलं. मशीन बंद केलं. एवढी शांतता त्या दुकानात मी कधी ऐकली नव्हती. बसलो त्या स्टुलावर. आणि तेवढ्यात फोन वाजला, अनोळखी नंबर. म्हटलं, तीच. दुसरं कोण? वाचलंय तिने, फोन लाव, मी बोलतो. उचलला.

"भावा, अजिंक्य बोलतोय! अण्णांकडून नंबर घेतला तुमचा. त्या गेममध्ये लिहिलं होतं ना, फोन लाव, मी बोलतो... लावला बघा. बोला आता."

काय सांगू तुम्हाला. कापावा म्हटलं फोन. पण माणूस एवढ्या सरळ मनाने विचारतोय... आणि मी बोलायला लागलो. न अडखळता हो! त्याला तगरीचं सांगितलं, सुरंगीचं सांगितलं. सांगितलं की सावनी मधूनच गप्प होते, तेव्हा काय झालं, काय झालं म्हणून तिच्या मागे लागू नका, ठोका आत चालू असतो, आपण मोजत राहायचं, ती आपली आपण परत बोलते. आणि काही बिनसलं की ती चिडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, तेव्हा तुम्हीही करा. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "थांबा भावा, हे लक्षात ठेवायला पाहिजे," आणि खरंच पुन्हा विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, "साखरपुड्याला या हं. पुढे बसायचं, आमच्यात." मी म्हटलं, येतो.

चांगला आहे हो मुलगा. खोटं कशाला बोलू... आणि काही झालं तरी, स्क्रीनवर दिसेल असं मला 'हो' म्हणालेला माणूस तो एकटाच.